नांदेडचे बियाणे, लातूरचे पाणी आणि देशाचे कृषी संशोधन

विशेष प्रतिनिधी, नांदेड/लातूर

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली 'जलदूत' गाडी लातूरच्या रेल्वे स्थानकात पोचली. दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. रेल्वेने पाणी आणून तहान भागवावी लागलेले शहर म्हणून लातूरचे नाव त्या दिवसापासून देशभर झाले. त्यानंतरच्या दहाव्या पावसाळ्यात, १८ ऑगस्ट २०२५ रोजी, लातूरच्या सीमेला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात रातोरात पाणी चढले. रावणगाव, हसनाळ परिसरातील माणसे पुरात अडकली आणि बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. पुढच्याच महिन्यात मराठवाड्यातील लाखो हेक्टरांवरील उभी पिके अतिवृष्टीने गेली.

एकाच भूभागाने दहा वर्षांच्या आत दोन्ही टोके अनुभवली. या काळात मदत, पंचनामे, पीकविमा, कर्जमाफी यांविषयी भरपूर चर्चा झाली. मात्र एक प्रश्न क्वचितच विचारला गेला. अशा हवामानात टिकेल असे बियाणे, अशी पीकपद्धती आणि असे पाणी-नियोजन शोधून काढणे हे ज्या संशोधन यंत्रणेचे काम आहे, ती यंत्रणा आपली दिशा बदलते आहे काय? देशातील कृषी संशोधन शाश्वततेकडे वळवण्याची भाषा आता दिल्लीपासून परभणीपर्यंत ऐकू येते. तिचा प्रत्यक्ष अर्थ समजून घ्यायचा, तर नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे उत्तम उदाहरण ठरतात.

यंत्रणा उभी कशी राहिली?

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्थापना १६ जुलै १९२९ रोजी झाली. त्याआधीच्या वर्षी शाही कृषी आयोगाने तशी शिफारस केली होती. स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये, मक्यापासून 'अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प' ही पद्धत सुरू झाली. एखाद्या पिकाच्या नव्या वाणाची देशातील निरनिराळ्या हवामानांत, ठरलेल्या एकाच पद्धतीने चाचणी घ्यायची, हे तिचे सूत्र होय. १९६० मध्ये पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली आणि परभणी (१९७२) अशी चार विद्यापीठे झाली.

मराठवाड्यातील कृषी संशोधन मात्र याहून जुने आहे. निजामाच्या राजवटीत, १९१८ साली, परभणीत मुख्य प्रायोगिक शेत सुरू झाले होते. त्याच भूमीवर १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते साल महाराष्ट्राच्या स्मरणात मोठ्या दुष्काळाचे साल म्हणून राहिले आहे. २०१३ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, या विद्यापीठाला माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. नांदेडचे कापूस संशोधन केंद्र, लातूरचे तेलबिया संशोधन केंद्र, बदनापूरचे कडधान्य संशोधन केंद्र ही सर्व या विद्यापीठाची केंद्रे आहेत.

एखादे वाण शेतकऱ्याच्या हाती येण्यास साधारणतः दहा ते बारा वर्षे लागतात. आधी केंद्रावर संकर आणि निवड, मग विद्यापीठाच्या विविध केंद्रांवर चाचण्या, त्यानंतर अखिल भारतीय समन्वित चाचण्या, पुढे चारही विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे 'जॉइंट ॲग्रेस्को'त, छाननी आणि अखेरीस राज्य अथवा केंद्र सरकारची अधिसूचना असा हा प्रवास असतो. अधिसूचनेनंतरही काम संपत नाही. विद्यापीठ मोजके 'पैदासकार' बियाणे तयार करते. त्यापासून 'पायाभूत' आणि पायाभूतपासून 'प्रमाणित' बियाणे होते. महाबीज, राष्ट्रीय बीज निगम व खासगी उत्पादक ते शेतकऱ्यांपर्यंत नेतात. याचा साधा अर्थ असा, की २०३७ सालच्या मृगात पेरायच्या बियाण्याचा विचार आजच व्हावा लागतो.

एका मापाचे राज्य

ही सारी यंत्रणा उभी राहिली तेव्हा देशापुढे धान्यटंचाई होती. त्यामुळे वाण चांगले की वाईट, हे ठरवण्याचे एक माप रूढ झाले. हे माप म्हणजे हेक्टरी उत्पादन. जुन्या प्रचलित वाणापेक्षा नवे वाण किती टक्के अधिक पिकते, यावर त्याचे भवितव्य ठरू लागले. या मापाने देशाला मोठा लाभ झाला, हे नाकारता येत नाही. मराठवाड्यातही संकरित ज्वारी इतकी रुजली, की खेड्यापाड्यांत आजही तिला नुसते 'हायब्रीड' म्हणतात.

परंतु या मापात काही गोष्टी धरल्याच जात नाहीत. ते उत्पादन घेण्यासाठी किती खर्च आला, किती पाणी लागले, जमिनीचा कस किती उतरला, बियाणे पुढच्या वर्षी घरचे वापरता येईल काय, पावसाने पंचवीस दिवस दडी मारली तर हाती काय उरेल, हे सारे प्रश्न मापाबाहेर राहतात. कोरडवाहू शेतकरी मात्र नेमके हेच प्रश्न आधी विचारतो. ज्वारीचे वाण पाहताना तो दाण्याबरोबर कडब्याकडेही पाहतो, कारण उन्हाळ्यात जनावरे त्यावर जगायची असतात. संशोधन शाश्वततेकडे वळणे म्हणजे शेतकऱ्याचे हे प्रश्न चाचणीच्या नोंदवहीत येणे होय. नांदेडच्या कापसाची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे.

नांदेड-४४ : यश, विस्मरण आणि धडा

नांदेड परिसर एकेकाळी 'गावरानी' या देशी कपाशीसाठी प्रसिद्ध होता. शहरात उभी राहिलेली उस्मानशाही मिल ही त्या वैभवाची खूण. पुढे लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीचे महत्त्व वाढले. १९७० साली गुजरातमधील सुरत केंद्राने 'एच-४' हे जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण दिले. त्यानंतर १९८४ मध्ये नांदेडच्या केंद्राने 'एनएचएच-४४' प्रसारित केले. 'नांदेड-४४' या नावाने ते घराघरांत पोचले. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे, तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारे आणि पावसाच्या खंडानंतर पुन्हा उभारी घेणारे हे वाण मराठवाडा आणि विदर्भात वर्षानुवर्षे पेरले गेले. सरकारी संशोधनाच्या यशाचे ते ठळक उदाहरण होते.

२००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे 'बीजी-२' आले. बोंडअळीच्या त्रासाने गांजलेल्या शेतकऱ्याने हे बियाणे आनंदाने स्वीकारले. मात्र तंत्रज्ञान खासगी कंपन्यांच्या हाती असल्याने ते त्यांच्याच संकरित वाणांतून आले. नांदेड-४४ मध्ये बीटी जनुक नव्हते. अवघ्या काही हंगामांत हे वाण बाजारातून दिसेनासे झाले.

सार्वजनिक संस्थांनी प्रयत्न केला नाही असे नाही. २००९ मध्ये नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या पुढाकाराने 'बिकानेरी नरमा बीटी' आणि 'एनएचएच-४४ बीटी' शेतकऱ्यांपर्यंत आणण्याचा प्रयत्न झाला. परंतु स्वदेशी म्हणून सांगितलेल्या या बियाण्यात खासगी कंपनीच्या जनुकाचा अंश आढळल्याने ते मागे घ्यावे लागले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. पुढे परभणीच्या विद्यापीठाने महाबीजच्या सहकार्याने नांदेड-४४ ला 'बीजी-२' रूप दिले. तोवर मधली मोलाची वर्षे निघून गेली होती.

इकडे निसर्गानेही आपला डाव टाकला होता. बीजी-२ मधील दोन्ही जनुकांना गुलाबी बोंडअळीने दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे प्रचंड नुकसान झाले आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाणे महाग, फवारणी सुरूच आणि बोंडे किडकी, अशी अवस्था झाली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत 'फरदड' ठेवण्याच्या सवयीने अळीला वर्षभर खाद्य मिळत गेले.

या अनुभवातून जो धडा मिळाला तो केवळ जनुकाचा नाही. कापूस हे संकरित वाणाच्या रूपात दीर्घ मुदतीचे, दूर अंतरावर लावायचे आणि दरवर्षी बियाणे विकत घ्यायचे पीक झाले होते. २०२५ च्या हंगामात बीजी-२ बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली होती. हलक्या जमिनीत, पावसाच्या भरवशावर लावणाऱ्या शेतकऱ्याला दुबार पेरणीची वेळ आली, तर हा खर्च दुप्पट होतो. जगातील अनेक कापूस उत्पादक देशांत मात्र सरळ वाण दाट अंतरावर लावतात आणि पीक लवकर आटोपतात.

नांदेडच्या केंद्राने याच दिशेने पाऊल टाकले आहे. २०२४ मध्ये 'एनएच १९०१ बीटी', 'एनएच १९०२ बीटी' आणि 'एनएच १९०४ बीटी' ही तीन सरळ वाणे पुढे आली. सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्याला पुढील हंगामासाठी राखून ठेवता येते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क त्याला दिला आहे. दाट लागवड करून पीक डिसेंबरपर्यंत शेताबाहेर काढले, तर गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तुटते आणि जमिनीत ओल असेल तर हरभराही घेता येतो. बीटी सरळ वाण हा गुलाबी बोंडअळीवरचा रामबाण उपाय नव्हे. मात्र बियाण्याचा खर्च आणि जोखीम या दोन्ही गोष्टी कमी करणारे हे संशोधन आहे.

यासोबत परभणीच्या महबूब बाग केंद्रावर देशी कपाशीवर झालेले कामही महत्त्वाचे आहे. 'पीए-२५५' सारख्या वाणांनी देशी कपाशीतही लांब धागा देता येतो हे दाखवून दिले. रसशोषक किडी आणि पाण्याचा ताण सोसण्याची देशी कपाशीची ताकद हवामान बदलाच्या काळात पुन्हा मोलाची ठरणार आहे. ज्या गावरानी कपाशीवर नांदेडचे नाव झाले, तिच्याच कुळाकडे संशोधन परत वळावे, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

लातूर : पाणी कोणत्या पिकाचे?

लातूरची गोष्ट पाण्याची आहे. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगाव येथे आहे. मांजरेच्या खोऱ्यात उसाने आणि साखर कारखान्यांनी समृद्धी आणली, हे वास्तव आहे. एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी लागते, हेही वास्तव आहे. राज्यात चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्यातील सर्वांत मोठा वाटा उचलते. २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात उसावर निर्बंध घालण्याची शिफारस सरकारला केली होती. ती शिफारस कागदावरच राहिली.

उसाखेरीज लातूरचे आजचे मुख्य पीक सोयाबीन आहे. लातूरची बाजार समिती सोयाबीन आणि तुरीच्या उलाढालीसाठी, तर शहर डाळमिलसाठी ओळखले जाते. तीन-साडेतीन महिन्यांत येणारे आणि रोख पैसा देणारे हे पीक शेतकऱ्याने स्वतःहून स्वीकारले. परंतु एकाच पिकाने खरीप व्यापला की एकाच संकटाने खरीप जातो. २०२० मध्ये बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. २०२२ मध्ये शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे फस्त केली. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅक रोगाने शेते पिवळी पडली. २०२५ मध्ये काढणीच्या तोंडावर पावसाने शेंगा कुजवल्या.

या संकटांवर विद्यापीठाने सुचवलेले उपाय साधे आहेत. घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासण्यासाठी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने ठेवून गुंडाळी करायची आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर ते बियाणे योग्य. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात पसरायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून नष्ट करायच्या आणि बांधालगत चुन्याची भुकटी टाकायची. पावसाच्या लहरीपणासाठी रुंद वरंबा सरी, म्हणजे 'बीबीएफ', पद्धतीने पेरणी करायची. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टी झाली तर सरीतून पाणी निघून जाते. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. मात्र प्रत्येक गोष्टीसाठी योग्य वेळी गावात पोचणारा माणूस लागतो.

वाणांच्या बाबतीतही बदल दिसतो. परभणीच्या 'एमएयूएस-७१' नंतर 'एमएयूएस-१५८', 'एमएयूएस-१६२' आणि 'एमएयूएस-६१२' ही वाणे आली. यंत्राने काढणी करता येणे हादेखील आता निवडीचा एक निकष झाला आहे. बदनापूरच्या केंद्राने २०१२ मध्ये दिलेले 'बीडीएन-७११' हे तुरीचे वाण सुमारे दीडशे दिवसांत येते. जुनी वाणे याहून अधिक दिवस घेत आणि परतीच्या पावसाने दगा दिला की शेंगा भरण्याच्या वेळीच ओल संपत असे. येथे वीस-पंचवीस दिवस वाचवणे म्हणजे पीक वाचवणे. २०१८ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने आलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. एरवी हे प्रमाण अनुक्रमे ३० आणि २० च्या आसपास असते. उत्पादनाबरोबर पोषणाचा विचार झाल्याचे हे उदाहरण.

पण लातूरनेच दुसरी बाजूही दाखवली आहे. येथील तेलबिया संशोधन केंद्राने सूर्यफुलाची 'एलएसएफएच-१७१' सारखी संकरित वाणे दिली. परभणीने करडईचे 'परभणी कुसुम' दिले. करडईचे मूळ खोल जाते, जमिनीतील उरलेल्या ओलीवर ती रब्बीत येते आणि काट्यांमुळे जनावरे तिला तोंड लावत नाहीत. कोरडवाहू मराठवाड्यासाठी याहून सोयीचे तेलबियांचे पीक शोधून सापडणार नाही. तरीही सूर्यफूल आणि करडई दोन्ही शेतांतून मागे पडली. स्वस्त आयात तेलापुढे भाव टिकला नाही. आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. संशोधन योग्य असूनही बाजाराने साथ दिली नाही, तर वाण केंद्राच्या फाटकातच राहते, हा याचा अर्थ आहे. सोयाबीनचीही तीच स्थिती झाली. २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला, पण खुल्या बाजारात त्याहून कमी भावाने शेतकऱ्याला माल विकावा लागला.

दिल्लीत काय बदलते आहे?

राष्ट्रीय पातळीवर दिशाबदलाची सुरुवात २०११ मध्ये झाली, असे म्हणता येईल. त्या वर्षी कृषी अनुसंधान परिषदेने हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी 'निक्रा' हा देशव्यापी प्रकल्प हाती घेतला. हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था त्याची धुरा वाहते. महाराष्ट्रात २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प', म्हणजेच 'पोकरा', राबवण्यात आला. त्यात नांदेड आणि लातूरसह पाच हजारांहून अधिक गावांचा समावेश होता.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संपूर्ण कृषी संशोधन व्यवस्थेचा आढावा घेण्याची घोषणा केली. उत्पादकता आणि हवामानास तोंड देणारी वाणे यांवर भर, तसेच स्पर्धात्मक पद्धतीने निधी, असे तिचे स्वरूप होते. पुढच्याच महिन्यात ६१ पिकांची १०९ वाणे प्रसारित करण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी मिळाली. नैसर्गिक शेतीत उत्पादन घटते की टिकते, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हा वाद व्यासपीठावर नव्हे, तर अनेक वर्षांच्या चाचण्यांतूनच मिटू शकतो. २०२५ च्या मे-जूनमध्ये 'विकसित कृषी संकल्प अभियाना'तून शास्त्रज्ञांना पंधरवडाभर गावोगाव पाठवण्यात आले.

या घोषणांमागे पैसा किती, हे पाहणे आवश्यक आहे. केंद्राच्या कृषी संशोधन व शिक्षण विभागासाठी २०२५-२६ मध्ये सुमारे १०,४६६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीग्रस्तांसाठी एकट्या महाराष्ट्र सरकारने जाहीर केलेले मदत पॅकेज ३१,६२८ कोटी रुपयांचे होते. पिके, खरडून गेलेल्या जमिनी, घरे, रस्ते असे सारे त्यात धरले होते आणि ती मदत आवश्यकच होती. तरीही एका राज्याच्या एका पावसाळ्याची भरपाई देशाच्या कृषी संशोधनाच्या वार्षिक तरतुदीच्या तिप्पट असावी, ही तुलना विचार करायला लावते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार कृषी संशोधनावर खर्च केलेला एक रुपया १३ रुपये ८५ पैशांचा लाभ देतो.

अडसर कोठे आहेत?

पहिला अडसर मनुष्यबळाचा. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत रिक्त पदांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. बारा वर्षे चालणाऱ्या कामात मध्येच पैदासकार निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही, तर निवडीची साखळी तुटते. वाणाच्या पिढ्या जपणे हे फायलीतून हस्तांतरित होणारे काम नव्हे.

दुसरा अडसर मूल्यमापनाचा. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंधांच्या गुणांवर बरीचशी अवलंबून असते. एखाद्या गावातील विहिरींची पातळी पाच वर्षे मोजत राहणाऱ्याला किंवा जमिनीतील सेंद्रिय कर्बाची दीर्घकाळ नोंद ठेवणाऱ्याला त्या गुणपत्रिकेत फारसे स्थान नाही.

तिसरा अडसर बीजोत्पादनाचा. नवी वाणे जाहीर होतात, पण त्यांचे पुरेसे पैदासकार बियाणे तयार होत नाही. कृषी सेवा केंद्रावर शेतकऱ्याला जे मिळते, तेच तो पेरतो. नांदेडच्या नव्या सरळ वाणांची खरी कसोटीही येथेच लागणार आहे. सरळ वाणाचे बियाणे दरवर्षी विकले जात नाही, त्यामुळे त्यात खासगी व्यापाराला रस कमी. ही जबाबदारी महाबीज, कृषी विज्ञान केंद्रे आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाच उचलावी लागेल. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णी येथे, तर लातुरातही कृषी विज्ञान केंद्र आहे. ही केंद्रे आणि गावपातळीवरील बीजोत्पादन गट यांची सांगड घातली गेली, तर वाण फाटकाबाहेर पडू शकते.

चौथा अडसर धोरणांतील विसंगतीचा. एक विभाग पाणी वाचवणाऱ्या पिकांवर संशोधन करतो, तर दुसऱ्या विभागाचे धोरण पाणी खाणाऱ्या पिकाला आधार देते. खात्रीची खरेदी आणि ठरलेला दर उसाला मिळतो, करडईला मिळत नाही. शेतकरी त्यानुसार वागतो आणि त्याला दोष देता येत नाही.

माप बदलले तर

संशोधन शाश्वततेकडे वळवण्यासाठी नव्या इमारतींपेक्षा नव्या नोंदींची गरज अधिक आहे. समन्वित चाचण्यांत हेक्टरी उत्पादनाबरोबर दर हजार लिटर पाण्यामागे किती पिकले, निव्वळ नफा किती उरला, चारा किती मिळाला आणि सर्वांत वाईट वर्षात वाणाने किती दिले, याही रकाने असावेत. चाचण्या केंद्राच्या सुपीक, सिंचित पट्ट्यापुरत्या न ठेवता शेतकऱ्याच्या हलक्या रानात, त्याच्या खताच्या मात्रेत घ्याव्यात. दहा वर्षांत एकदा विक्रमी आणि चार वेळा बुडीत निघणाऱ्या वाणापेक्षा दहाही वर्षे घर चालवणारे वाण कोरडवाहू मराठवाड्याला हवे आहे.

शहरी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण लातूरच्या रेल्वे स्थानकात पाण्याची वाट पाहत उभे राहिलेले लोक शहरातलेच होते. डाळ, तेल आणि पिण्याचे पाणी या तिन्ही गोष्टी शेवटी त्याच शिवाराशी बांधलेल्या आहेत. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाची चाहूल लागते आणि नांदेड-लातूरचा शेतकरी बियाण्याच्या दुकानापुढे उभा राहतो. त्या क्षणी त्याच्यापुढे किती पर्याय असतात आणि त्यांपैकी किती त्याच्या जमिनीला, खिशाला व पावसाला झेपणारे असतात, हीच देशाच्या कृषी संशोधनाची खरी परीक्षा आहे.

चौकट : महत्त्वाचे टप्पे

१९१८ : परभणीत मुख्य प्रायोगिक शेत
१९२९ : भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्थापना
१९५७ : समन्वित संशोधन प्रकल्पांचा मक्यापासून प्रारंभ
१९७२ : परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ
१९८४ : नांदेड केंद्राचे एनएचएच-४४
२००२ : बीटी कापसाला परवानगी
२०११ : 'निक्रा' प्रकल्प
२०१६ : लातूरला रेल्वेने पाणी
२०२४ : नांदेड केंद्राची बीटी सरळ वाणे, संशोधन व्यवस्थेच्या आढाव्याची घोषणा

चौकट : काही संज्ञा

संकरित वाण : दोन भिन्न वाणांच्या संकरातून दरवर्षी नव्याने तयार करावे लागणारे बियाणे. पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत.

सरळ वाण : ज्याचे गुण पिढ्यानपिढ्या टिकतात आणि ज्याचे बियाणे घरी राखता येते असे वाण.

पैदासकार, पायाभूत, प्रमाणित बियाणे : वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञापासून शेतकऱ्यापर्यंत बियाणे वाढवत नेण्याच्या तीन पायऱ्या.

फरदड : मुख्य वेचणी संपल्यावर पाणी देऊन पुढे ठेवलेली कपाशी. गुलाबी बोंडअळी तिच्यावर पोसली जाते.